दीपप्रज्वलन कापलं तर चालेल का?

वाचकांचे प्रश्न, एका लघुपटवालीची उत्तरं

कलासंस्थांसाठी छोट्या फिल्म करणाऱ्यांना आणि करून घेणाऱ्यांना काही विचारायचं असेल तर लिहा, अशी चौकट संपादकांनी गेल्या अंकात टाकली होती. पत्रं आली, आणि ती सरळ दोन गटांत पडली. संस्थावाले लिहितात, फिल्मवाले ऐकत नाहीत. फिल्मवाले लिहितात, संस्था पैसे देत नाही. दोन्ही खरं आहे. मी पुण्यात नाटक, संगीत, नृत्याच्या संस्थांसाठी असल्या फिल्म करते. एकटीच करते, कॅमेऱ्याला आणि साउंडला माणूस लागेल तसा बोलावते. उत्तरं त्यातून आलेली आहेत. वकिलाकडे किंवा सीएकडे जायचं ते जाच.

प्रश्न : आमच्या संगीतसंस्थेचं हे सुवर्णमहोत्सवी वर्ष. दहा मिनिटांची फिल्म करायचं कार्यकारिणीत ठरलं आहे. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, तीन माजी अध्यक्ष, मुख्य देणगीदार आणि शहरातले दोन मान्यवर बोलतील. उद्घाटन, सत्कार वगैरे आलंच. दिग्दर्शक मुलगा म्हणतो, यातलं निम्मं कापावं लागेल. निदान दीपप्रज्वलन तरी ठेवा म्हटलं, तर तेही नको म्हणतो. दीपप्रज्वलन कापलं तर चालेल का?
(एक कार्यवाह, सदाशिव पेठ)

चालेल. समईला वाईट वाटणार नाही. अध्यक्षांना वाटेल, आणि ते तुम्ही सांभाळायचं आहे. त्या मुलाच्या गळ्यात घालू नका.

हिशेब बघा. नऊ माणसं, प्रत्येकी एक मिनिट. म्हणजे फिल्म संपली, आणि संगीतसंस्थेच्या फिल्ममध्ये गाणं आलंच नाही. शिवाय ही नऊ माणसं काय बोलणार, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही : संस्थेनं अनेक कलाकार घडवले, हे रोपटं आता वटवृक्ष झालं, नव्या पिढीनं पुढं यावं. पहिल्यानं सांगितलं की उरलेल्या आठ जणांनी नुसती मान डोलावली तरी भागतं.

दोन वेगळी कामं करून घ्या. समारंभाचं चित्रण एका कॅमेऱ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत, प्रास्ताविकापासून आभारापर्यंत, न कापता. ते दप्तरी ठेवा, मान्यवरांना लिंक पाठवा. त्याला दिग्दर्शक लागत नाही. फिल्म निराळी. फिल्ममध्ये संस्था काय *करते* ते दिसलं पाहिजे, आणि ते सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी अजिबात दिसत नाही. त्या दिवशी सगळे नटून आलेले असतात.

तुमच्याकडे आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी वर्ग भरत असणार. त्यातल्या एका संध्याकाळी त्या मुलाला वर्ग सुरू व्हायच्या अर्धा तास आधी येऊ द्या. कोणीतरी तंबोऱ्याची गवसणी काढतं. खुंट्या पिळून तारा ढोबळ सुरात आणतं, मग घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालचे मणी सरकवून बारीक जुळवतं. मग तो सुताचा दोरा. घोडी आणि तार यांच्या मधला दोरा केसभर पुढं-मागं केला की इतका वेळ बसका वाटणारा आवाज एकदम खुलतो, जवारी लागते. लावणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी जो होतो, तो कुठल्याही मनोगतात होत नाही. कॅमेरा जवळ, माईक त्याहून जवळ, वर निवेदन नाही, चाळीस सेकंद. शास्त्रीय संगीत न ऐकणारा माणूससुद्धा इथं थांबतो.

तो तंबोरा बहुधा मिरजेचा असेल. कधी घेतला, पैसे कोणी जमवले, मिरजेहून कोणी आणला हे जुन्या सभासदांना विचारा. जुनी पावती निघाली तर तीही चित्रित करा. पन्नास वर्षांत संस्था कशी चालली ते त्या पावतीतून कळतं.

अध्यक्षांना अर्थातच घ्या. त्यांचं बोलणं अर्धा तास रेकॉर्ड करा, त्यातली कामाची दोन-तीन वाक्यं वर्गाच्या दृश्यांवर आवाज म्हणून वापरा, चेहरा एकदा दाखवा. बाकीच्यांपैकी ज्याच्याकडे सांगण्यासारखा खरा किस्सा आहे त्याला घ्या, मग तो माजी अध्यक्ष असो की सतरंज्या घालणारा शिपाई. देणगीदारांची नावं शेवटी पाटीवर, मोठ्या अक्षरांत, वाचता येतील इतका वेळ.

आणि फिल्म मंजूर करायला एक माणूस नेमा. एकच. कार्यकारिणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रफ कट, म्हणजे फिल्मची कच्ची जुळणी, टाकलात तर अकरा मतं येतील, त्यातली चार एकमेकांच्या विरुद्ध असतील, आणि तो मुलगा सगळ्यांना खूश करायला जाऊन फिल्मची वाट लावेल. मला काम विचारायला कोणी आलं की मी पहिला प्रश्न हाच करते : ‘फायनल’ कोण म्हणणार?

प्रश्न : ताई, मी नुकतीच मास कम्युनिकेशन करून बाहेर पडले. एका नृत्यसंस्थेनं वार्षिक कार्यक्रमावर फिल्म करायला सांगितली आहे. “बजेट फारसं नाही, पण तुझं नाव होईल, मानधनाचं बघू” म्हणाले. किती मागू?
(कोथरूडची एक वाचक)

‘बघू’ हा आकडा नाही. सभागृहाच्या भाड्याला, लाइटवाल्याला, गजरेवालीला कोणी ‘बघू’ म्हणत नाही. ते तुलाच म्हणतात, कारण तू विचारत नाहीस.

मिनिटावर भाव सांगू नकोस. तीन मिनिटांची फिल्म दहा मिनिटांच्या फिल्मपेक्षा स्वस्त असते ही समजूत संस्थेची असते. कापायलाच जास्त वेळ जातो, हे आपल्याला माहीत. दिवस मोज. तालमी बघायला दोन दिवस, शूटला दोन, एडिटला नऊ, दुरुस्त्यांना दोन. झाले पंधरा. समज, तू दिवसाचे पाच हजार धरलेस तर पंच्याहत्तर हजार तुझे, आणि कॅमेऱ्याचं भाडं, दुसरा कॅमेरामन, साउंडवाला, सबटायटल, रिक्षा-जेवण हे वेगळं. तुझा दर तू ठरव, पण कागदावर ही फोड कर. फोड बघितली की बोलणारे जरा गप्प होतात.

संस्थेकडे खरंच पैसे नसले आणि तुला काम मनापासून करायचं असलं, तर सवलत दे. मात्र बिलात पूर्ण रक्कम लिही, त्याखाली सवलत दाखव, मग देय रक्कम. नाहीतर पुढच्या वर्षी तोच तुझा दर होतो, आणि तुझ्यानंतर येणाऱ्या पोरीचाही.

अर्धे पैसे काम ठरल्यावर, काही रफ कट दाखवल्यावर, उरलेले फायनल फाइल द्यायच्या *आधी*. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरलेल्या, तिसरीपासून जादा आकार. हे सगळं ईमेलवर. फोनवर ठरलेलं काहीच ठरलेलं नसतं.

सरकारी बाजू थोडक्यात. वर्षभरात एका संस्थेकडून पन्नास हजारांच्या वर व्यावसायिक फी झाली की ती संस्था बहुधा १० टक्के टीडीएस कापेल. तुझा पॅन दे, आणि रिटर्न भरताना ते तुझ्या नावावर जमा दिसतंय का ते बघ. वर्षाची एकूण मिळकत २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांसाठी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी कर, ती ऑनलाइन आणि फुकट आहे. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्याचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं, उशीर झाल्यास व्याज लागतं. नृत्यसंस्थेला कोणी या कायद्याखाली खेचत नाही, पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि ४५ दिवसांची ओळ असली की खजिनदार ते बिल जरा वरच्या फाइलीत ठेवतात. आणि हो, बिल मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलं पाहिजे. ३१ मार्चनंतर संस्थेकडे ‘या वर्षीचं बजेट’ नसतं, नवं अजून मंजूर व्हायचं असतं, आणि तू जूनपर्यंत फोन करत बसतेस.

प्रश्न : मी मैफलींचं चित्रण करतो. दोन अडचणी आहेत. एक, फुटेजमध्ये मागच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. दोन, चाळीस मिनिटांचा ख्याल चार मिनिटांत बसवायला सांगतात, आणि मी कसाही कापला तरी गायक नाराज.
(एक कॅमेरामन, कर्वेनगर)

पट्ट्यांचं सोपं आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. फ्रेम रेट २५ ठेवा आणि शटर १/५० किंवा १/१००. मोबाइलवर सहसा आधीपासून ३० असतं, ते बदला. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट (२५ फ्रेमवाला) दाखवायचा पर्याय आहे. एवढं करूनही पट्टे आले तर ते स्टेजच्या मंद केलेल्या एलईडीचे, त्यांचा हिशेब निराळा असतो. साउंड टेस्टच्या वेळी जाऊन, शटर थोडं थोडं बदलत बघायचं आणि लाइटवाल्याशी चहा प्यायचा. दुसरा उपाय नाही.

आता ख्याल. गायक नाराज होतात ते बरोबर आहे. विलंबित एकतालाचं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रा, अति विलंबित असेल तर मिनिटाच्या आसपास जातं. तुम्ही त्याच्या मधे कात्री घातलीत तर मात्रा कमी होतात, आणि पुण्यातल्या श्रोत्याला ते ऐकू येतं. बरं, समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, पुढच्या समेपर्यंतचं आवर्तन अख्खं उचललं तरी सुटका नाही. लय वाढत गेलेली असते, दहाव्या मिनिटाचं आवर्तन तिसाव्याला जोडलं की ठेच लागते. आणि बढत? गायक खालून एकेक स्वर घेत वर चाललेला असतो. तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागायच्या आधी किती वेळ तो टाळलाय, यातच तर सगळी मजा. तो षड्ज तुम्ही दुसऱ्याच मिनिटाला ऐकवलात, तर चाळीस मिनिटांची मेहनत पाण्यात.

म्हणून कापूच नका. सलग चार मिनिटांचा एक तुकडा निवडा. बहुधा तो द्रुत बंदिशीचा असेल. विलंबितच हवा असेल तर तीन-चार आवर्तनं सलग. आवाज अखंड, त्याला हात लावायचा नाही. चित्र हवं तितकं बदला : तबलजींचा डग्ग्यावरचा तळवा, मागं तंबोऱ्यावर बसलेली शिष्या, हार्मोनियमवाल्याचं गायकाकडं बघणं. त्यासाठी दोन कॅमेरे तरी लागतात, एक समोर वाइड लावून सोडून द्यायचा, तो मधे बंद करायचा नाही. श्रोत्यांची दाद मात्र त्याच क्षणाची हवी. दुसऱ्या तासाची मान पहिल्या तासाला लावलीत तर ती समेवर हलत नाही, सातव्या मात्रेवर हलते. जाणकार हसतात. मी हसते.

आवाजासाठी मिक्सरमधून लाइन घ्या, पण नुसती लाइन घेऊ नका. सभागृहासाठी केलेल्या मिक्सिंगमध्ये तंबोरे बहुतेक वेळा दबलेले असतात आणि सभागृहाचा श्वास त्यात नसतोच. स्टेजसमोर आपला वेगळा रेकॉर्डर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तबल्याची थाप कधी उसळेल सांगता येत नाही, तेव्हा लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आणि गायकाची लेखी परवानगी आधी घ्या; ग्रीनरूममध्ये, गाण्याच्या पाच मिनिटं आधी, कागद पुढं करू नका. साहजिकच नाही म्हणतात.

प्रश्न : एका संस्थेसाठी मी केलेली फिल्म तिनं दुसऱ्याकडून कापून घेतली, माझं नाव काढलं. मी कॉपीराइट माझा असल्याचं सांगितलं तर म्हणाले, पैसे आम्ही दिलेत. खरं कोणाचं?
(एक दिग्दर्शक, सिंहगड रस्ता)

करार नसेल तर बहुधा त्यांचं. आपल्या व्यवसायातल्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, कलम १७. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फिल्म केली, तर उलट करार नसल्यास पहिला मालक तो सांगणारा. ‘मी बनवली म्हणून माझी’ हे कादंबरीकाराला चालतं, आपल्याला नाही.

पण ‘उलट करार नसल्यास’ हे शब्द कायद्यातच आहेत, त्यांचा उपयोग करा. माझ्या पत्रात चार ओळी असतात. तयार फिल्म संस्थेची. माझं नाव श्रेयनामावलीत राहील आणि लेखी विचारल्याशिवाय फिल्म कापायची नाही. मला ती माझं काम म्हणून आणि महोत्सवांत दाखवता येईल. कच्चं फुटेज माझ्याकडे राहील. संस्थेला हवं असल्यास हार्ड डिस्कच्या आणि वेळेच्या खर्चात देईन. शेवटच्या ओळीवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून ती असायलाच हवी. एका संस्थेचे पदाधिकारी मला म्हणाले होते, “एवढा अविश्वास?” मी म्हटलं, तुमच्या घटनेतसुद्धा कलमं आहेतच की.

आणखी दोन गोष्टी. हक्क हस्तांतर लेखी असावं लागतं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. फिल्मसाठी कोणाकडून संगीत किंवा संहिता करून घेत असाल तर हे विसरू नका. आणि गाणाऱ्या, नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या माणसाला स्वतःचा वेगळा हक्क आहे, कलम ३८, तो ५० वर्षं टिकतो. संस्थेनं हो म्हटलं म्हणजे कलाकारानं म्हटलं असं होत नाही. विद्यार्थी लहान असतील तर पालकांची सही.

प्रश्न : आमच्या नाट्यसंस्थेच्या फिल्ममागे जुनी नाट्यगीतं आणि मराठी कविता वापरायच्या आहेत. जुन्या म्हणजे फुकट ना?
(शनिवार पेठ)

किती जुन्या त्यावर. लेखन आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. ‘स्वयंवर’ १९१६ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली गेले. दोन्ही मोकळं. तुमच्या विद्यार्थ्याकडून ती पदं गाऊन घ्या, कोणाला विचारायला नको. मात्र तेच पद कोणा गायकानं नंतर गायलेलं, कंपनीनं काढलेलं ध्वनिमुद्रण, ही वेगळी वस्तू. तिचा हक्क ते प्रकाशित झाल्यानंतर ६० वर्षं. १९५० ची तबकडी मोकळी झाली, १९८० ची कॅसेट नाही. यूट्यूबवर टाकली की दुसऱ्या दिवशी दावा येतो.

कवितांचंही तसंच. केशवसुत, बालकवी, गोविंदाग्रज कधीच मोकळे झाले. मर्ढेकर १९५६ साली गेले, म्हणजे २०१७ पासून मोकळे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. त्यांची ओळ वापरायची तर २०५९ संपेपर्यंत परवानगी मागावी लागेल. मागा. पत्र लिहून नीट मागितलं तर पुष्कळ वेळा मिळते.

प्रश्न : आमच्या कथक वर्गाच्या फिल्मची सुरुवात शनिवारवाड्यावरून ड्रोननं करावी असं वाटतं. परवानगी कशी मिळते?

शनिवारवाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. तिथं जमिनीवर व्यावसायिक चित्रीकरण करायचं तरी परवानगी लागते. ड्रोनसाठी त्याउपर हवाई क्षेत्राचे नियम. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, तेव्हा ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघा आणि पोलिसांनाही विचारा. पण कथकमध्ये लोकांना पाय बघायचे असतात. कॅमेरा जमिनीवर ठेवा. घुंगरू बांधताना दोरी कशी गुंडाळतात, तिथून सुरू करा. परवानगी लागत नाही.

प्रश्न : ताई, माझे आजोबा ८१ वर्षांचे आहेत. संगीत नाटकांना पायपेटी (पायानं भाता मारायची हार्मोनियम) वाजवायचे. एका संस्थेनं त्यांच्यावर फिल्म करायचं ठरवलं आहे, मुलाखत मीच घ्यायची आहे. आजोबा कॅमेरा लागला की “आता काय सांगायचं” म्हणून गप्प बसतात.
(एक नात, नारायण पेठ)

गप्प बसतात, कारण तू बहुधा “तुमच्या वेळचा काळ कसा होता?” असं विचारतेस. त्याला कोणीही “चांगला होता” एवढंच म्हणेल.

बारीक विचार. प्रयोग संपल्यावर पायपेटी कोण उचलायचं? एसटीच्या टपावर जायची की ट्रकमधून? पावसात काय झाकायचात? आणि हे नक्की विचार : कोणाची पट्टी कुठली, म्हणजे कोण कुठल्या स्वरावर सा धरून गायचं? तीस-चाळीस वर्षांत ज्या ज्या नटनट्यांना साथ केली, त्यांच्या पट्ट्या त्यांच्या बोटांत असतात. काळी एक, पांढरी चार, काळी पाच, असं म्हणत माणसं आपोआप आठवत जातील. अमुक बाईंना सर्दी झाली की अर्धा स्वर खाली यायचं, तमुक बुवा दुसऱ्या अंकात वर चढायचे. हे सांगणारी माणसं आता फार उरली नाहीत, आणि हे कुठल्या स्मरणिकेत छापलेलंही नसतं.

त्यांना खुर्चीवर बसवून समोर लाइट मारू नकोस. पायपेटी घरात असेल तर तिच्यापाशीच बसव, नसेल तर संस्थेत असेल तिथं ने. पाय भात्यावर गेले की माणूस बोलतो. हात थरथरला तर थरथरू दे, कापू नकोस. भात्याची करकर आणि पायपट्ट्यांची खडखड स्वच्छ टिपली गेली पाहिजे, म्हणून एक माईक पायांशी लाव. कॉलरला एक हवाच. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजमध्ये स्कूटरची किल्ली ठेव, म्हणजे परत चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. पेठेतलं घर म्हणजे भंगारवाला, आरती, शेजारचा कुकर हे सगळं येणारच. कुकरची शिटी झाली तर थांब, तोच प्रश्न पुन्हा विचारू नकोस, पुढचा विचार. तेच उत्तर दुसऱ्यांदा नेहमी पाठ केल्यासारखं येतं.

वेळ सकाळची, चहा झाल्यावर. पाऊण तास, मग बंद. उरलेलं दुसऱ्या दिवशी. आणि घरातली बाकी मंडळी बाहेर. विशेषतः “अहो, ते सांगा ना, ते मुंबईचं” म्हणणारी.

प्रश्न : फिल्मला कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा) निधी मिळतो का?
(एक विश्वस्त, एरंडवणे)

मिळू शकतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन बसतं. संस्थेची सीएसआर-१ नोंदणी झालेली लागते, १२अ आणि ८०जी ची कागदपत्रंही. कंपनीला ‘सुवर्णमहोत्सवी फिल्म’ नको असते, ‘दहा ज्येष्ठ वादकांच्या मुलाखतींचं दस्तऐवजीकरण’ चालतं. काम तेच, अर्ज नीट लिहा. स्वतंत्र कलाकार-दिग्दर्शकानं स्वतः अर्ज करायचा असेल तर बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची अनुदानं बघावीत.

प्रश्न : फिल्म झाल्यावर फुटेजचं काय करायचं? यूट्यूबवर आहेच की.
(त्याच संस्थेचे खजिनदार, वेगळ्या पाकिटात)

यूट्यूबवर जे आहे ते दाबून बारीक केलेलं आहे, तेही फक्त तयार फिल्म. ४के चित्रण १०० एमबीपीएसनं केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. तीन कॅमेरे, तीन तासांचा कार्यक्रम, म्हणजे ४०० जीबीच्या वर. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन वेगळ्या पत्त्यांवर ठेवा. एक कार्यालयात, एक विश्वस्तांच्या घरी. वर्षातून एकदा लावून, उघडून बघा, पाचेक वर्षांनी नव्यावर उतरवा. खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

हे ज्यांना जास्तीचं वाटतं त्यांना मी लॉ कॉलेज रोडची आठवण करून देते. प्रभात फिल्म कंपनीच्या तिथल्या आवारात, आता जिथं फिल्म इन्स्टिट्यूट आहे, २००३ च्या जानेवारीत जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट रिळांना आग लागली. प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्यही त्यात गेलं. ते सांभाळायला तरी राष्ट्रीय संस्था होती. तुमच्याकडे कार्यवाहांच्या टेबलाचा खण आहे.

प्रश्न : फिल्मचा पहिला खेळ झाला, सगळ्यांना आवडली, पण पडद्यावर एका ज्येष्ठ गुरूंच्या नावात ऱ्हस्वाचं दीर्घ झालं आणि दुसऱ्यांच्या नावाआधी ‘पं.’ राहिलं. आता दिग्दर्शक दुरुस्तीचे पैसे मागतोय. हे बरोबर आहे का?
(एक सहकार्यवाह, टिळक रस्ता)

नावं तुम्ही कशी दिली होती? फोनवर सांगितली असतील किंवा रोमन लिपीत व्हॉट्सॲप केली असतील, तर पैसे द्या. देवनागरीत टाइप करून, संस्थेच्या लेटरहेडवर, सही करून दिली असतील, तर देऊ नका. मी ती यादी हातात आल्याशिवाय पडद्यावरच्या नावांच्या पट्ट्या करायलाच घेत नाही. यादीत डॉ., पं., विदुषी, ॲड., सौ., श्रीमती हे सगळं ज्याला जसं हवं तसं, त्यांनाच विचारून. हयात नसलेल्यांच्या नावामागे ‘कै.’ लावायचं की नाही ते घरच्यांना विचारून. क्रम कोणाचा आधी हेही त्यातच. यादी पदाधिकाऱ्यांपैकी एकानं आणि वर्गात शिकवणाऱ्यांपैकी एकानं वाचलेली हवी, कारण पदाधिकाऱ्यांना तबलजींचं आडनाव माहीत नसतं. राहिलेला ‘पं.’ लगेच घाला, दुसरा खेळ त्यांच्याच गावी असेल.